कोथरूडचा कचरा कुठे गेला?

गेल्या वेळी प्लेटिंग (धातूवर मुलामा देणं) आणि फाउंड्रीच्या (ओतकामाच्या) कामगारांच्या छातीच्या तक्रारींवर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. कारखान्याच्या भिंतीला, कचरा डेपोला किंवा नाल्याला लागून राहणाऱ्यांची जास्त. त्यातली सहा इथे घेतो. नावं मुद्दाम गाळली आहेत. लिहिणाऱ्यांपैकी कुणाची खोली भाड्याची आहे, तर कुणाची रोजी त्याच गेटच्या आत आहे.

प्रश्न : अभ्यासक्रमात 'पर्यावरणीय वंशभेद' हा शब्द आला. तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दल आहे. पुण्याला लावणं ओढूनताणून होत नाही का? (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

शब्द तिकडचाच आहे. १९८२ साली उत्तर कॅरोलिनातल्या वॉरेन परगण्यात पीसीबी नावाच्या विषारी रसायनाने खराब झालेली माती पुरायचं सरकारने ठरवलं. परगणा गरीब, वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची. लोक ट्रकांसमोर रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. माती शेवटी तिथेच पुरली गेली, पण प्रश्न देशभर गेला. १९८७ साली तिथल्या एका चर्चने देशभराची पाहणी केली. घातक कचऱ्याची केंद्रं कुठे आहेत हे उत्पन्नापेक्षा वंशावरून जास्त नेमकं सांगता येतं, असं त्यात निघालं.

आता आपल्याकडे या. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर आणि बहुधा पूर्वेच्या अंगाला. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, घाटावरचं पाणीही पूर्वेकडे उतरतं. म्हणजे गावाचा वास आणि सांडपाणी वाड्याकडे जाणार, वाड्याचं काही गावाकडे येणार नाही. ही रचना कुणा नगररचनाकाराने केलेली नव्हती, तरी चोख होती.

तुम्ही कर्वेनगरच्या आहात म्हणून जवळचं उदाहरण देतो. पौड रस्त्याला कोथरूडचा कचरा डेपो होता. वाऱ्याची दिशा फिरली की वास वनाजपर्यंत यायचा. पुढे कोथरूड वाढलं, पांढरपेशा वस्ती झाली, लोकांनी आरडाओरडा केला आणि डेपो बंद झाला. आज त्या जागेत मेट्रोचा डेपो आहे. कचरा काही कमी झाला नव्हता. तो शहर ओलांडून पूर्वेला गेला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात, सुमारे १६३ एकरांवर. ती गावं तेव्हा महापालिकेत नव्हती. ज्यांचा कचरा त्यांना तिथे मत द्यायचं नव्हतं, आणि ज्यांना मत द्यायचं होतं त्यांना महापालिकेत नगरसेवकच नव्हता. २०१७ साली ही गावं महापालिकेत घेतली, पुढे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद केली.

एक मात्र सांभाळून म्हटलं पाहिजे. फुरसुंगीत सगळ्या जातींचे शेतकरी आहेत, चांगले बागायतदारही आहेत. तिथे नुसत्या जातीवर बोट ठेवलं तर ते खोटं ठरेल. पण त्या ढिगावर चढून प्लास्टिक आणि पत्रा वेगळा करणारे हात कुणाचे, हे विचारून पाहा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून पुण्यात कचरावेचकांची संघटना म्हणून काम करते. तिच्या सभासदांत बहुतेक बाया आहेत आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. 'वंशभेद' शब्द खटकत असेल तर सोडून द्या. वस्तू तीच आहे.

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी पिवळट येतं, भांड्यात ठेवलं की वर तवंग धरतं. प्यायला टँकर आहे, पण उन्हाळ्यात पुरत नाही. उकळून, तुरटी फिरवून चालेल का? शेजाऱ्याची विहीर मात्र चांगली आहे, हे कसं? गुरांना पाजावं का? (शेतकरी, फुरसुंगी)

उकळू नका, म्हणजे त्या भरवशावर पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, क्षार आणि धातू जागेवरच राहतात. वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण उलट थोडं वाढतं. तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेलं काही जात नाही.

ओल्या कचऱ्याच्या ढिगातून पाऊस झिरपतो आणि खालून काळं, आंबूस पाणी निघतं. त्याला लीचेट म्हणतात. त्यात अमोनिया, क्षार, सेंद्रिय घाण आणि बॅटऱ्या-ट्यूबांमधून आलेले धातू असतात. डेपोच्या तळाला नीट अस्तर नसेल तर ते खाली जातं. आता शेजाऱ्याच्या विहिरीचं. आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. वाळूतून पाणी जसं सगळीकडे सारखं पसरतं तसं पाषाणातून पसरत नाही, ते भेगाभेगांनी धावतं. तुमचा बोअर एका भेगेला लागला, त्यांची विहीर दुसरीला. म्हणून डेपोपासून लांबचं पाणी नासतं आणि जवळचं चांगलं राहतं, असंही होतं. 'शेजाऱ्याचं चांगलं आहे, म्हणजे डेपोचा संबंध नाही' असं कुणी साहेब म्हणाला तर हे त्याला सांगा.

तपासणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा मान्यताप्राप्त खाजगी ठिकाणी. मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा, कारण दोन्ही आकड्यांत फरक पडतो. पंप दहा मिनिटं चालू ठेवून मग नमुना घ्या, नाहीतर पाइपातलंच साचलेलं पाणी तपासलं जाईल. नेहमीच्या तपासणीत धातू नसतात, ते वेगळे मागावे लागतात आणि त्यासाठीची बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी लागते. अहवाल आला की तीन आकडे पाहा. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५ च्या वर नको. शिसं ०.०१ च्या वर नको.

घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ते वरच्या दुधावर असेल, तर दुधाची पावडर कालवायला हे पाणी अजिबात वापरू नका. नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते आणि बाळ निळसर पडतं. टँकरचं पाणी कमी असलं तर पहिला हंडा बाळाचा.

गुरं आपल्यापेक्षा जास्त क्षार सोसतात, पण रवंथ करणाऱ्या जनावराला नायट्रेट वाईट बाधतं. गाभण गाईला अहवाल येईपर्यंत पाजू नका.

प्रश्न : मिस्टर भोसरीत प्लेटिंगमध्ये आहेत. नाकात सारख्या खपल्या धरतात, रक्त येतं. बोटांवर खोल जखमा आहेत पण दुखत नाहीत म्हणतात. मालक म्हणतो उष्णता आहे, ताक पी. कपडे मी हाताने धुते, माझे हातही खाजतात. मुलगी दोन वर्षांची आहे. (गृहिणी)

ताई, ही उष्णता नाही.

फार वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक कामगार आला होता. तक्रार वेगळीच होती, पाठीची. बोलताना नाकातून शिट्टीसारखा आवाज येत होता म्हणून एका नाकपुडीत टॉर्च धरला, तर उजेड दुसऱ्या नाकपुडीतून दिसला. मधल्या पडद्याला आरपार भोक. तो हसला आणि म्हणाला, 'आमच्याकडे सगळ्या जुन्या लोकांना आहे, साहेब.' त्या खात्यात ती सिनिऑरिटीची खूण होती.

क्रोमच्या टाकीत वीज सोडली की बुडबुडे उठतात. वर येऊन फुटताना ते क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडवतात. ते नाकाच्या ओल्या पडद्यावर बसतात आणि पडदा आधी खपलतो, मग झिजतो. बोटावरची ती खोल, न दुखणारी जखम त्याच रसायनाची. दुखत नाही म्हणून माणूस दाखवत नाही. हे सहा संयुजेचं क्रोमियम. फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण म्हणून ते जगभर मान्य आहे, म्हणून नाकावरच थांबून चालणार नाही, छातीही तपासायला हवी.

शॉपमध्ये टाकीच्या काठालाच ओढून घेणारा पंखा हवा. छताचा एक्झॉस्ट चालत नाही, कारण तुषार वर जाताना वाटेत माणसाचं तोंड येतं. नाकात व्हॅसलीन लावायची पद्धत आहे. तिने थोडा आराम पडतो, बाकी काही नाही.

घरचं तुमच्या हातात आहे. कपडे कामावरच बदलता आले तर उत्तम. नाहीतर दाराबाहेर एक झाकणाची बादली ठेवा, कपडे थेट तिच्यात. ते मुलीच्या कपड्यांत मिसळू नका, झटकू नका, रबरी हातमोजे घालून वेगळे धुवा. त्यांनी आंघोळ केल्याशिवाय मुलीला उचलू नये. हे सांगायला तुम्हाला जड जाईल, कारण बाप घरी आला की पोर धावतेच. आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही, मी विचारतो : तंबाखू मळतात का? न धुतलेल्या तळव्यावर मळलेली चिमूट म्हणजे क्रोम थेट गालात.

ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) कार्ड असेल तर तिथे जा आणि केसपेपरवर 'क्रोम प्लेटिंग कामगार, इतकी वर्षं' असं लिहून घ्या. नुसतं 'कामगार' लिहू देऊ नका. क्रोमियममुळे होणारे आजार कायद्याच्या यादीत व्यवसायजन्य म्हणून आहेत, भरपाईचा हक्क त्यावरूनच येतो. केसपेपरवर व्यवसाय नसला तर दहा वर्षांनी ते सिद्ध करता येत नाही.

प्रश्न : फाउंड्रीत धूळ असते म्हणून सुपरवायझर रोज गूळ देतो. त्याने धूळ साफ होते ना?

नाही. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. गूळ जरूर खा, पण मास्क आणि पाणी मारायची व्यवस्थाही मागा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागच्या झोपडपट्टीत रोज संध्याकाळी वायरी आणि कचरा जाळतात. आम्हाला खिडक्या उघडता येत नाहीत. प्रदूषण तेच करतात, मग अन्याय त्यांच्यावर कसा? (सोसायटीचे सचिव, मोशी)

तुमचा त्रास खरा आहे. वायरीचं प्लास्टिक जळताना ॲसिडचा धूर आणि डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन निघतं, ते कुणाच्याच छातीला बरं नाही. पण तुमच्या खिडकीपर्यंत येताना तो धूर बराच पातळ झालेला असतो. वायर जाळणारं पोर त्याच्यावर वाकून उभं असतं.

वायर येते कुठून? फ्लॅटचं रिनोव्हेशन, ऑफिसचं वायरिंग बदलणं, कारखान्याचं स्क्रॅप. भंगारवाला उघड्या तांब्याला जास्त भाव देतो. सोलायला वेळ लागतो, जाळायला काडी पुरते. सोलायचं साधं यंत्र मिळतं. तुमच्यासारख्या सोसायट्यांनी मिळून एक घेऊन दिलं, तर पोलिसांना फोन करण्यापेक्षा लवकर गुण येईल. बाकी कचऱ्याचं म्हणाल तर त्या गल्लीत घंटागाडी आत जाते का, हे एकदा चालत जाऊन बघा.

आणि डिसेंबरात पहाटे तुमच्या गेटवर वॉचमन कशाची शेकोटी करतो तेही बघा. बहुधा खोक्यांची आणि थर्माकोलची. त्याला एक हीटर द्या.

प्रश्न : चाळीला लागून कास्टिंगचा कारखाना आहे. रात्री दोननंतर धूर सोडतात. सात वर्षांच्या मुलाला थंडीभर खोकला, रात्री जास्त. तक्रार केली तर घरमालक खोली खाली करायला लावेल. (एक आई, भोसरी)

आधी मुलगा. रात्रीचा, आठवड्यांनी चालणारा, छातीत सूं-सूं वाजणारा खोकला बहुतेक वेळा दम्याचा असतो, 'सर्दी उतरत नाही' एवढ्यावर सोडू नका. डॉक्टरांनी पंप (इनहेलर) दिला तर घ्या. पंपाची सवय लागते हा गैरसमज घरोघरी आहे आणि त्यापायी मुलं उगाच हाल काढतात. घरात मच्छर कॉइल लावत असाल तर आजपासून बंद, मच्छरदाणी बांधा. बंद खोलीत एक कॉइल रात्रभर जळली की शंभराच्या आसपास सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं मोजमापांतून दिसलेलं आहे. कारखान्याशी भांडताना हा भाग विसरायला होतो.

धूर रात्री सोडतात याचं एक कारण तुम्हाला माहीत आहे : तेव्हा कुणी अधिकारी फिरत नाही. दुसरं असं, की थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर वर जात नाही, चाळीच्या उंचीलाच तरंगत राहतो. उन्हं वर आल्यावरच हे झाकण उठतं. म्हणून पहाटे खिडक्या बंद ठेवा आणि नऊनंतर उघडा. मुलाला थंडीत पहाटेच्या मैदानावर पाठवू नका, संध्याकाळी खेळू दे. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत.

तक्रारीचं. एकटीच्या नावाने करू नका. महिला मंडळ, बचत गट, जे काही चाळीत असेल त्याच्या नावाने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. कारखान्याला मंडळाचं संमतीपत्र लागतं. धुराड्याची उंची किती हवी, धूर कसा साफ करायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. त्याची प्रत माहिती अधिकारात दहा रुपये शुल्काच्या अर्जाने मागता येते, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रत हातात आली की 'फार धूर येतो' असं मोघम म्हणावं लागत नाही, 'अट मोडली' म्हणता येतं. तिथेही हललं नाही तर हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. तिथे सहसा तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून उशीर करू नका आणि पोचेची तारीख जपून ठेवा.

आणि मुलाच्या जुन्या शंभर पानी वहीत चार रकाने आखा. तारीख, धूर किती वाजता, वारा कोणत्या बाजूचा, मुलाला रात्री कितीदा उठावं लागलं. रोज एक ओळ, धूर नसेल तेव्हाही, कारण धूर नसलेल्या रात्रींशिवाय तुलना होत नाही. शेजारच्या दोन-तीन घरांनीही लिहिलं तर आणखी चांगलं. महिन्याने मुलाला दाखवायला न्याल तेव्हा पंप आणि वही, दोन्ही पिशवीत असू द्या.