एका काकूंचे सात लाईक

प्रश्न : खानापुरातून विचारतोय. आमच्या पाककृतींच्या ॲपमध्ये एकाच माणसाचा लाईक दोनदा पडतो. आधीची नोंद आहे का, हे कोडमध्ये तपासतो, तरीही. काय चुकतंय?

उत्तर : अहो, माझंही हेच झालं होतं. टिळकवाडीतल्या एका काकूंनी नेट रेंगाळलं म्हणून कुंद्याच्या फोटोवर सारखं बोट मारलं, सात लाईक! सगळ्या रिक्वेस्ट एकदमच पोचल्या, प्रत्येकीला 'नोंद नाही' असंच दिसलं. हे काम डेटाबेसवरच सोपवा. लाईकचं वेगळं टेबल, त्यात युजर आयडी आणि पाककृती आयडी या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदवू न देणारा नियम. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' आहेच, म्हणजे नोंद आधीच असेल तर एरर न देता नवी नोंद सोडून दिली जाते. आणि हो, जुन्या दुहेरी नोंदी पुसल्याशिवाय कन्स्ट्रेंट लागणार नाही. त्यात माझी एक रात्र गेली.