खुंटीवरची बंदूक आणि घरातला बोका

“मॅडम, हसणार नसाल तर सांगते. मला रात्री झोप लागत नाही, आणि ती मांजरापायी लागत नाही.”

देवगड तालुक्यातल्या एका गावातून दोन एसट्या बदलून ती माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती. माहेर पुण्याचं, लग्नाला दीड वर्ष झालेलं. माहेरून सोबत आणलेला बोका पिकल्या काजूबोंडाच्या रंगाचा, म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव बोंडू ठेवलं. आणि माजघरातल्या खुंटीवर सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, ठासणीची बंदूक. हंगामात ती कायम भरलेली असायची. (घरच्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

“बंदूक असलेल्या घरात मांजर ठेवावं का?” हा प्रश्न आमच्या भागात मला नवा नाही. बागायतदारांच्या घरी शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. वानरं आणि रानडुकरं बागेत शिरली की बार काढून पळवायची. पिढ्यान् पिढ्या भिंतीवर असलेली ती वस्तू घरच्यांना घड्याळाइतकीच सवयीची होते. बाहेरून आलेल्या माणसाला ती दिसते. त्याने काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, “आजवर काय झालं नाही ना?”

पहिल्या भेटीत मी चुकले. मांजर हे निमित्त आहे, खरं दुखणं सासरचं असेल, असं धरून मी नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, एकटेपणाबद्दल विचारत राहिले. तिने सगळ्याची शांतपणे उत्तरं दिली आणि मग म्हणाली, “मॅडम, माणसं चांगली आहेत. भीती बंदुकीचीच आहे.” मग तिने एक गोष्ट सांगितली, आणि माझी शंका तिथेच मिटली. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत, ऐन आंब्याच्या दिवसांत, अण्णांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून घेतली होती. अण्णा चिडचिड करत बागेत डबे वाजवत फिरायचे. ती मात्र त्या काळात रोज सकाळपर्यंत गाढ झोपली. बंदूक परत खुंटीवर आली त्या रात्रीपासून पुन्हा दोन वाजता उठून बॅटरी घेऊन माजघरात जाणं सुरू झालं.

भीतीला कारण असेल तर आधी कारणाकडे बघावं. श्वासाचे व्यायाम नंतर.

दुसऱ्या भेटीला मी तिला बोंडूचा दिवस कागदावर काढून आणायला सांगितलं. तिने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर घराचा नकाशा काढला आणि बोक्याची वाट लाल पेनाने दाखवली. ओट्यावरून माजघर, माजघरात पेटारा, पेटाऱ्यावरून उडी, आणि वर माळा. पेटारा आणि माळा यांच्या मधोमध तिने एक छोटी आडवी रेघ मारली होती. “ही बंदूक. तो दस्त्यावर पाय देऊन वर जातो.”

मी तो कागद बराच वेळ बघत राहिले. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून ठासतात, मागे केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवतात आणि घोडा त्या केपेवर आदळला की बार उडतो. भरून ठेवलेल्या बंदुकीचा घोडा केपेवर टेकलेला असेल, तर खुंटीवरून खाली पडताना घोड्याला बसलेला दणका सरळ केपेला बसतो. चाप ओढायची गरजच नाही. घोडा अर्धा चढवून ठेवला तरी जुन्या बंदुकीत त्याला अडवून धरणारी खाच झिजलेली असू शकते. काडतुसाची बंदूक भरून दाराआड टेकून ठेवली, तर अंग घासणारं मांजर तिला आडवी करू शकतं आणि त्याचा पंजा चापाच्या कड्यात जाऊ शकतो. मांजराला उंच जागा हवी असते आणि लोंबणाऱ्या पट्ट्याशी खेळायचं असतं. त्याला ओरडून काही शिकवता येणार नाही. जागा बदलायची ती बंदुकीने.

तिच्या मनात आलेला पहिला उपाय होता, बंदूक शेजारच्या काकांकडे ठेवायची. ते करू नका, परवाना माणसाच्या नावावर असतो. दुसरा उपाय, बाजारातून चापाला लावायचं कुलूप आणायचं. ते चांगलं, पण भरलेल्या बंदुकीला कधीही लावू नये. लावतानाच चाप दाबला जाऊ शकतो.

तिसऱ्या भेटीला अण्णा आले, खरं तर मुलाने आणले. पांढरा सदरा, हातात छत्री, आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. “चाळीस वर्सा बंदूक वापरतंय मी. आजून कोणाक खरचटला नाय. आता मांजराक विचारून ठेवू?”

त्या वाक्यातला राग मला समजला. बंदूक त्यांच्या वडिलांची, त्यांच्या पश्चात परवाना अण्णांच्या नावावर आलेला. गावात डुक्कर शिरलं की पहिली हाक अण्णांना. सुनेने “ही धोक्याची आहे” म्हणणं त्यांच्या कानाला “तुम्ही बेफिकीर आहात” असं ऐकू आलं होतं. म्हणून मी बोंडूचं नावच काढलं नाही. बंदूक भरून का ठेवता, एवढंच विचारलं. ते खुलले. एकदा ठासलेली बंदूक रिकामी करणं कटकटीचं, बहुतेक जण बार काढूनच मोकळी करतात, आणि वानरं काही कळवून येत नाहीत. मग मी तिचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. लाल रेघेवरून बोट फिरवत आडव्या रेघेपाशी थांबले आणि सुनेला म्हणाले, “दस्त्यावर पाय देता? तू बघितलंस?”

“रोज बघते, अण्णा.”

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. होकारही दिला नाही. मी आग्रह केला नाही. घरच्या मोठ्या माणसाला परक्यासमोर ‘बरं’ म्हणायला लावू नये, असं मला वाटतं. घरी जाऊन तो स्वतः ठरवतो तेव्हाच ते टिकतं.

तीन आठवडे काही हललं नाही. लोखंडी कपाटात ठेवावी तर बंदूक लांब, मावेना. शेवटी अण्णांनीच सुताराला बोलावून फणसाच्या लाकडाची उभी, अरुंद पेटी करून घेतली. पावसात आत दमट होऊ नये म्हणून वर-खाली बारीक भोकं, कडी-कोयंडा, कुलूप. पेटी आतल्या खोलीत भिंतीला स्क्रूने पक्की. बंदूक त्यात रिकामीच. दारू, केपा आणि छर्रे दुसऱ्या कुलपात, चुलीपासून लांब. किल्ली अण्णांच्या करगोट्याला. आता बंदूक बागेत गेल्यावर भरतात आणि रिकामी करूनच घरात आणतात.

बाकीच्या गोष्टी मी तिला सांगितल्या, कारण त्या लोकांच्या लक्षात येत नाहीत. अण्णा रॉकेलने बंदूक पुसायचे आणि फडका पडवीत टाकायचे, आणि बोंडू त्यावर झोपायचा. मांजर दिवसातून कितीदा तरी अंग चाटतं, त्यामुळे केसांना लागलेलं सगळं पोटात जातं. रॉकेल आणि तेल त्याला विषारी, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. केसांना लागलंच तर चाटू न देता सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवावं, उलटी करवू नये, थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं. छर्रे शिशाचे असतात. त्यांची पिशवी ज्या खणात, त्या खणात मांजराने झोपू नये. पुसायचं काम दार लावून करावं आणि फडके झाकणाच्या डब्यात टाकावेत.

आणि आवाज. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला 60 हजारांच्याही पुढे. बंदुकीचा बार 140 डेसिबलच्या वर जातो. आपण कानावर हात ठेवतो, मांजर वाट फुटेल तिकडे पळतं. गजांच्या खिडकीतून निसटलं की बागेत, आणि बागेत संध्याकाळी बंदूक. बॅटरीच्या झोतात चमकणारे डोळे बोक्याचे की उदमांजराचे, हे लांबून कळत नाही, आणि झुडपातली खसखस कुणाची हे तर मुळीच नाही. म्हणून तिन्हीसांजेला बोंडू आत. एका खोलीच्या खिडकीला जाळी, त्यात त्याची पेटी, पाणी, वाळूचं घमेलं. गळ्यात चमकणारा, अडकला तर सुटणारा पट्टा. काही ठिकाणी डुकरांसाठी मांसात लपवलेले गावठी बॉम्ब लावतात. ते बेकायदेशीर आहे, आणि त्याच्या मांसाच्या वासाला कुत्री-मांजरं आधी जातात. तसं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

बंदूक असलेल्या प्रत्येक घराला मी आणखी एक प्रश्न विचारते, तो त्यांनाही विचारला. घरात कुणी फार खचलेलं आहे का, कुणाचं पिणं वाढलंय का, लहान मुलं येतात का? मे महिन्यात नणंदेची दोन मुलं येतात, एवढंच होतं. जिथे कुणी खचलेलं असतं तिथे मी पेटी-कुलपावर थांबत नाही. बंदूक काही काळ पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, म्हणून सांगते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही देते. तो फुकट आहे, कधीही लावता येतो, आणि मराठीत बोलता येतं.

पेटी झाली तरी तिचं दोन वाजता उठणं लगेच थांबलं नाही. कारण गेलं तरी अंगाची सवय मागे राहते, आणि त्यासाठी स्वतःला वेडी ठरवायचं नसतं. आम्ही ठरवलं की रात्री दहाला एकदा कुलूप हलवून बघायचं आणि तारखेवर टिंब काढायचं. नंतर जाग आली तर टिंब बघायचं, पेटी नाही. पहिल्या आठवड्यात ती चार वेळा तरीही उठली. सहाव्या आठवड्यात एकदाही नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. बागेत वानरं आली की अण्णा आधी घरी फोन लावतात, “बोंडू आत हा?” ती हो म्हणते, जाळीची खोली लावून घेते, मग बार होतो. बोंडू अजूनही पेटाऱ्याखाली जाऊन बसतो, अर्धा अर्धा तास. ती त्याला ओढून काढत नाही. जवळ पाण्याची वाटी ठेवते आणि आपलं काम करत राहते.