भिजवणे, मुरवणे की कुजवणे?

प्रश्न असा आला आहे: एखादी वस्तू पाण्यात ठेवून ती मऊ होते, मग तिचा लगदा होतो, या सगळ्याला मिळून मराठीत एकच क्रियापद आहे का? इंग्रजीत 'मॅसरेट' म्हणतात, तसे.

माझ्या मते नाही, आणि मला त्याची खंतही वाटत नाही. काम नेमके कोण करते आहे, हे पाहून मराठी क्रियापद बदलते.

नुसते पाणी आत शिरले तर वस्तू भिजते. शिरलेले आतच जिरून राहिले तर ते मुरते. 'कुठेतरी पाणी मुरतंय' म्हणताना आपल्या मनात हेच असते. मुरण्यात वस्तूचा आकार मोडत नाही, म्हणून लगद्याच्या संदर्भात 'मुरवणे' चालणार नाही. जंतू कामाला लागले की 'कुजवणे'. तागाच्या जुड्या पाण्यात बुडवून ठेवतात तेव्हा जंतू धाग्यांना चिकटवून ठेवणारे पेक्टिन खातात आणि धागा सुटा होतो. दिवस जास्त झाले तर धागाही कमकुवत होतो, म्हणजे कुजवायचे, पण बेताने! पूर्वी युरोपात कागदासाठी चिंध्याही अशाच ओल्या करून ढिगात कुजत ठेवत आणि मग कुटत. लाकडाच्या चिपांचे एवढ्याने भागत नाही, त्या बहुतेक वेळा रसायनांत शिजवाव्या लागतात.

'कागद पाण्यात विरघळला' असे सर्रास लिहिले जाते, ते मात्र खटकते. कागदाचे तंतू विरघळत नाहीत. पाण्यामुळे त्यांची एकमेकांवरची पकड सुटते, इतकेच. तोच लगदा जाळीवर पसरून वाळवला की पकड पुन्हा बसते आणि पुन्हा कागद तयार होतो. खरोखर विरघळला असता तर जाळीवर काय उरले असते?

तेव्हा 'कागद भिजत घालून, घुसळून त्याचा लगदा करावा' असे सरळ लिहावे. 'भिजवून' आणि 'भिजत घालून' यांतही फरक आहे, दुसऱ्यात वेळ जाऊ देणे आलेच. भिजत घोंगडे उगाच पडत नाही. 'मृदुकरण' वगैरे घडवण्याच्या मी विरोधात आहे, त्यात पाण्याचा मागमूसही नाही.

जाता जाता: पाय सतत ओले राहून बोटांमधली कातडी पांढरी, मऊ पडते आणि फाटते. डॉक्टर कातडीच्या त्या मऊ पडण्याला 'मॅसरेशन'च म्हणतात. आपण म्हणतो, चिखल्या झाल्या.