पाटलांच्या दोन पोरी

प्रश्न : बाई, मी सातवीत असताना वडिलांनी पुण्याहून येताना हॅरी पॉटरचा चौथा भाग आणला. आधीचे तीन मैत्रिणीकडून मागून वाचले होते, हा माझा स्वतःचा. दिवाळीच्या सुट्टीत शेजारी डिक्शनरी घेऊन संपवला. हॉगवर्ट्समध्ये, हॅरीच्या जादूच्या शाळेत, पार्वती आणि पद्मा या पाटील बहिणी आहेत, याचाच केवढा अभिमान होता मला! सातवा भाग संपला तेव्हा दोन दिवस धड जेवले नाही. आता तोच चौथा भाग रोज रात्री अकरा वर्षांच्या भाचीला वाचून दाखवते. नाताळच्या नाचाचा प्रसंग आला आणि तिने मध्येच विचारलं, "आत्या, हॅरी पार्वतीशी बोलत का नाही?" मला उत्तर सुचेना, उलट रागच आला. लहानपणी पाटलांच्या मुली नाचाला गेल्या एवढ्यावर मी खूश होते. नवरा म्हणतो, पोरांच्या पुस्तकावर काय एवढं चिडायचं. मी चिडते आणि दुसऱ्या रात्री परत तेच उघडून बसते. पुढे वाचू की थांबू?
— एक पाटील, कराड

उत्तर : तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. नवऱ्याला सांग, पोरांच्या पुस्तकावर मी ६८व्या वर्षीही चिडते. शाळेतून निवृत्त होण्याआधीपासून साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत मी वाचनालय चालवत होते आणि तिथली निम्मी भांडणं या मालिकेपायी झाली. पहिला भाग २२३ पानांचा, पाचवा ७६६. आमचा नियम सात दिवसांचा. शाळा-शिकवणी सांभाळून सात दिवसांत एवढं कोण वाचणार? दंड माफ करून करून मी थकले. त्यात त्या पाचव्या भागात हॅरी येता-जाता ओरडत असतो. रोलिंगबाईंना कुणीतरी कात्री लावायला हवी होती, असं मला तेव्हाही वाटायचं. पण आमच्याकडे सगळ्यात खिळखिळा झाला तो हाच भाग, तीनदा बाइंडिंग केलं. तेव्हा हा रोग तुझ्या एकटीचा नाही.

आता पाटील बहिणी. माझी पहिली कुरकुर नावांवर आहे. हॅरीचा जन्म १९८०चा, म्हणजे या दोघीही त्याच सुमाराच्या. त्या वर्षांत जन्मलेल्या मुली मी शिकवल्यात. हजेरीपटात नुसत्या स्वाती, मनीषा, वैशाली. पाटील एका वर्गात पाच-सहा असायच्या, पण पार्वती एकही नाही. पार्वती माझ्या आजीचं नाव! परदेशी गेलेल्यांचं घड्याळ निघाल्या दिवशीच थांबतं म्हणतात, तसं काही असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

दुसरी कुरकुर मात्र सोडवत नाही. पहिल्या भागात डोक्यावर टोपी ठेवून मुलांना घरं, म्हणजे शाळेतले गट, वाटतात ते आठव. नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने पुकारतात, त्यामुळे आधी पाटील, मग आणखी एक मुलगी, मग पॉटर. 'जुळ्या मुली' एवढं म्हणून अर्ध्या ओळीत दोघींना उरकलंय. कुणाला कुठलं घर मिळालं तेसुद्धा तिथे नाही. पार्वती ग्रिफिंडॉरची, पद्मा रेव्हनक्लॉची, हे पुढे कळतं. (सिनेमावाल्यांनी दोघींना एकाच घरात कोंबलं.) तुझा राग खरं तर इथूनच सुरू व्हायला हवा होता.

आणि तरीही त्याच भागातला झाडूवर उडायचा पहिला तास भाचीला परत वाचून दाखव. हॅरीच्या वर्गातला नेव्हिल पडतो, मनगट मोडतं, बाई त्याला घेऊन जातात. हॅरीशी वैर असलेला मॅलफॉय त्याच्या रडक्या तोंडाची टिंगल करतो. त्याला "गप्प बस" कोण म्हणतं? पार्वती. त्याबद्दल लगेच एक मुलगी तिला टोमणा मारते. हॅरी तोंड उघडतो ते त्यानंतर. मी हे पुस्तक चार वेळा वाचलं होतं, पण ही ओळ मला दाखवली आमच्या एका सभासद मुलीने. सहावीतली होती.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हॅरीचा जीव चो चँग या दुसऱ्या मुलीत अडकलेला. ती सेड्रिकबरोबर जाणार कळल्यावर ऐन वेळी समोर दिसली तिला त्याने विचारलं. त्याचा मित्र रॉन, त्याच्यासाठी बहीणही पार्वतीनेच जमवून दिली. चौदा वर्षांच्या पोरांची अक्कल तेवढीच, आणि लेखिका ती झाकत नाही. नाचताना हॅरीला वळवते कोण? पार्वतीच. पुढे ही दोन सोंगं खुर्चीला चिकटून बसल्यावर त्या कोपऱ्यात रडत बसत नाहीत, बोबॅटन या पाहुण्या शाळेच्या मुलांबरोबर खुशाल निघून जातात. हे भाचीला नक्की सांग.

मला खुपतं ते वेगळंच. पार्वतीचा गुलाबी झगा, सोनेरी गुंफलेली वेणी, मनगटातली सोन्याची कांकणं, सगळं लिहिलंय. पण ती आणि हॅरीची मैत्रीण हर्मायनी एकाच खोलीत राहतात ना गं? त्या रात्री खोलीवर परतल्यावर दोघी काय बोलल्या असतील! ते पान नाही. गोष्ट हॅरीच्या नजरेने चालते; त्याला मुलींच्या जिन्यावर जाता येत नाही, म्हणून आपल्यालाही नाही.

तेव्हा थांबू नकोस, वाच. पाचव्यात दोघी हॅरीच्या गुपचूप चालणाऱ्या वर्गात नाव घालतात. सहाव्याच्या शेवटी एका सकाळी न्याहारीआधीच घरी जातात. का, ते भाचीला आत्ता सांगू नकोस. सातव्यात परत येतात, त्या कशाला, तेही तिचं तिला वाचू दे.

१९ वर्षांनंतरचं ते शेवटचं प्रकरण मी वाचत नाही. शाळेतल्याच ओळखीत सगळ्यांची लग्नं, पोरांना गेलेल्या माणसांची नावं, लग्नाचा अल्बम बघितल्यासारखं वाटतं. त्यात पाटील नाहीतच. आमच्या प्रतीत त्या पानाखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "पार्वती कुठाय?" पुस्तकावर लिहिणाऱ्याला दहा रुपये दंड होता. अक्षर मी ओळखलं होतं, पण दंड काही घेतला नाही.

भाचीचं नाव कळवलं नाहीस. पार्वती नसणार, एवढं नक्की.