स्नॅक्सवर प्रश्न आला आणि मी खोटं बोलले

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी मूळची लातूरची, पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. यूकेला जायचंय म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, ऐकणं, वाचणं, लिहिणं या बाकी तिन्हीत पाहिजे तेवढं आलं पण स्पीकिंगला ६.५ वर अडकले, लागतात ७. पहिल्याच पार्टमध्ये स्नॅक्सवर विचारलं, कोणते आवडतात, कधी खाता, लहानपणी काय खायचात. क्लासमध्ये आमच्याकडून पाठ करून घेतलेलं की मी फळं आणि ड्रायफ्रूट खाते, तळलेलं टाळते, तेच म्हणून टाकलं. पुढचा प्रश्न आला कधी खाता, तर सकाळी म्हणू की संध्याकाळी तेच सुचेना, कारण मी ते खातच नाही. खरं म्हणजे मी नाइट ड्युटीला चिवडा खाते, रोज. पण नर्स असून असं कसं सांगायचं? आणि एकदा तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. पुढच्या महिन्यात परत परीक्षा आहे, भीती वाटते.

उत्तर: अगं, तो चिवडाच सांगायचा होता! तुझं पत्र वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण तुझ्याकडे इतकं छान उत्तर तयार होतं आणि कुणीतरी ते दाबून टाकून तुझ्या तोंडात दुसऱ्याचंच घातलं.

हे बघ, एक्झामिनर तुझा आहार तपासायला बसलेला नसतो. तो चार गोष्टी बघतो, न अडखळता आणि सुसंगत बोलता येतं का, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, चारींना सारखंच वजन. फळं खाल्ली म्हणून अर्धा बॅण्ड (म्हणजे अर्धा गुण) जास्त आणि तळलेलं खाल्लं म्हणून कमी असं काहीही नाही. उलट पाठ केलेलं बोललं की आवाजच बदलतो, एकाच सुरात घडाघडा येतं आणि पुढच्या साध्या प्रश्नाला माणूस अडखळतो. ते ओळखायचं ट्रेनिंगच त्यांना असतं, आणि मग ते बोलणं तुझं धरलं जात नाही. तुझं नेमकं तेच झालं असणार.

आता खरं सांगायचं म्हणजे कसं, तर रात्रीचे तीन वाजलेत, राउंड झालाय, वॉर्ड शांत आहे, डोळे मिटायला लागलेत आणि तू डबा उघडतेस, हे चित्र डोळ्यासमोर आण आणि मग बोल: ‘आय युजुअली हॅव अ हँडफुल ऑफ चिवडा अराउंड थ्री इन द मॉर्निंग, व्हेन द वॉर्ड इज क्वाएट. इट्स अ क्रंची मिक्स ऑफ फ्लॅटन्ड राइस, पीनट्स अँड करी लीव्ज, अँड इट कीप्स मी अवेक.’ झालं, एवढंच. पहिल्या पार्टमध्ये एका प्रश्नाला दोन-तीन वाक्यं पुरतात. पण हेही पाठ करू नकोस हं, मी फक्त वळण दाखवलं, शब्द तुझे येऊ देत.

आपल्याकडे दोन चुका हमखास होतात त्या मात्र बघ. एक म्हणजे ‘मी रोज खाते’ला आपण ‘आय अॅम ईटिंग डेली’ म्हणतो. सवय सांगताना साधा वर्तमानकाळ, ‘आय ईट’. दुसरी जास्त खोल रुजलेली, ‘मी खात असते’ डोक्यात असतं म्हणून तोंडातून ‘आय यूज्ड टु ईट’ निघतं, आणि त्याचा अर्थ होतो पूर्वी खायचे, आता खात नाही! म्हणजे आजच्या चिवड्याला ते लावलंस तर पुढच्या वाक्याशी मेळच बसत नाही. ते ‘यूज्ड टु’ लहानपणासाठी राखून ठेव, तिथे ते अगदी शोभतं. आणि लातूरच्या मुलीला लहानपणी काय खायचीस विचारलं तर काय कमी आहे गं, चुरमुऱ्याचा सुशीला (पोह्यांसारखा फोडणी दिलेला), शेंगदाणे-गूळ, थंडीत शेतावर हुरडा. हुरड्याचं सांगायचं तर ‘टेंडर सोरघम’, कणसं शेणीच्या आगीवर भाजायची आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे खायचे. ‘वी यूज्ड टु रोस्ट इट ऑन माय अंकल्स फार्म एव्हरी विंटर’ असं काकांचं किंवा जे खरं असेल ते सांगायला लागलीस की पुढची वाक्यं आपोआप येतात, कारण ते तू जगलेलं आहे, आठवावं लागत नाही.

हेल्दी आहे का विचारलं तर नर्स म्हणूनच उत्तर दे की! मला माहितीये त्यात तेल-मीठ जास्त असतं, पेशंटला मी हे सांगते, पण रात्री बारा तास उभं राहिल्यावर काहीतरी कुरकुरीत लागतंच, म्हणून हल्ली भाजक्या पोह्यांचा करून नेते. यात ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘सो’ सगळं येतं, म्हणजे लांब वाक्य करायची संधी मिळते आणि व्याकरणाच्या मार्कांना तेच तर हवं असतं.

मध्येच थांबवलं त्याचं टेन्शन घेऊ नकोस. पहिला पार्ट चार-पाच मिनिटांचाच असतो, स्पीकिंगची पूर्ण परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, त्यांना वेळ पाळावीच लागते म्हणून थांबवतात, चुकलीस म्हणून नाही. प्रश्न कळला नाही तर परत विचार, त्यात काही बिघडत नाही. उच्चाराचंही तसंच, इंग्रजांसारखं बोलायची गरज नाही, समजलं पाहिजे. फक्त ‘स्नॅक’ नीट तोंड उघडून म्हण, ‘स्नेक’ झालं की साप होतो.

आणि रोज ड्युटीवरून आल्यावर दोन मिनिटं फोनवर स्वतःला रेकॉर्ड कर, आज काय खाल्लं, कुणाबरोबर, का. झोपायच्या आधी एकदा ऐक. महिना पुष्कळ झाला गं.

प्रश्न: मुलाची हीच परीक्षा आहे. चकली, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी यांना इंग्रजी शब्द काय शिकवू? (एक पालक, कराड)

उत्तर: दादा, नाव मराठीच राहू द्या आणि लगेच एका वाक्यात ते काय आहे सांगायला शिकवा. कशाचं, कसं केलेलं, तोंडात कसं लागतं. चकली म्हणजे ‘अ क्रिस्पी, डीप-फ्राइड स्पायरल मेड फ्रॉम राइस अँड लेंटिल फ्लार’, साबुदाण्याला ‘टॅपिओका पर्ल्स’, थालीपीठ ‘अ मल्टिग्रेन फ्लॅटब्रेड’. चवीसाठी ‘टेस्टी’ सोडून ‘सेव्हरी’, ‘टँगी’, ‘क्रंची’ असे चार-पाच शब्द त्याला रोज जेवताना वापरायला लावा.

खरी अडचण आपल्याला इंग्रजी वाटणाऱ्या शब्दांची आहे. आपले बटाट्याचे वेफर्स ब्रिटनमध्ये ‘क्रिस्प्स’ असतात, तिथे ‘वेफर’ म्हणजे पातळ बिस्किट. चहात बुडवतो तो टोस्ट म्हणजे ‘रस्क’, त्यांचा ‘टोस्ट’ ही ताजी भाजलेली ब्रेडची स्लाइस. आणि मिसळ खायला आपण हॉटेलात जातो, पण त्यांच्या ‘हॉटेल’मध्ये माणसं मुक्कामाला जातात, म्हणून त्याला ‘कॅफे’ किंवा ‘स्नॅक स्टॉल’ म्हणायला सांगा.