सल्लागार समितीत घेतलंय, आता बोलायचं काय?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निपाणी तालुक्यातला शेतकरी. वडिलांच्या काळी आमच्या रानात तंबाखू असायची, आता सोयाबीन आणि ऊस. गेल्या महिन्यात कृषी विज्ञान केंद्राकडून पत्र आलं, की वैज्ञानिक सल्लागार समितीवर शेतकऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून तुम्हाला घेतलंय. मानधन वगैरे काही नाही. घरचे म्हणतात, चहा-बिस्किटं खाऊन सही करून यायची सभा ती, उगाच कामाचा दिवस मोडू नको. माझा भाचा अमेरिकेत असतो. तो फोनवर म्हणाला, ‘मामा, इथं एका विद्यापीठाच्या कृषी आणि नैसर्गिक संसाधन महाविद्यालयाला सल्ला द्यायला बागायतदार, दूधवाले, जंगलाच्या धंद्यातले लोक पदरचा वेळ घालून बसतात, आणि त्यांचं ऐकलं जातं.’ आपल्याकडं तसं होतं का? मी दहावी झालेला, कन्नड बाजारापुरतं येतं. शास्त्रज्ञांसमोर बोलायचं तरी काय?
– एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : दादा, नक्की जा. मात्र नुसती सही करायला जाऊ नका.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडं आमची रताळ्याची रानं. तिथून एका केंद्राच्या अशाच समितीवर शेतकरी महिलांची प्रतिनिधी म्हणून मी बरीच वर्षं बसले, म्हणून सांगते. त्या टेबलाशी बसलेल्या बाकीच्या बहुतेकांना तिथं येण्याचा पगार मिळतो. तुम्हाला मिळत नाही. म्हणूनच तुमच्या बोलण्याला वेगळं वजन आहे. तुमची बढती अडकलेली नसते की बदली व्हायची नसते.

तुमच्या भाच्यानं सांगितलं त्यामागं मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १८६२ साली कायदा झाला. त्यानुसार राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या आणि त्या विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं चालली. १८८७ च्या कायद्यानं त्यांना प्रयोग केंद्रं जोडली, १९१४ च्या कायद्यानं विस्तार सेवा, म्हणजे कॉलेजातलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवणारी यंत्रणा, आली. विस्ताराचा खर्च केंद्र, राज्य आणि तिथला जिल्हा मिळून उचलतात. त्यामुळं आमच्या बागेतल्या रोगाचं काय केलंत, असं कॉलेजला विचारायची सवय तिथल्या शेतकऱ्याला लागली. हे सल्लागार प्राध्यापक नेमत नाहीत, मार्क ठरवत नाहीत. आमच्याकडं कामाला येणाऱ्या तुमच्या पदवीधर पोरांना काय येत नाही, कोणत्या किडीवर आमच्याकडं उत्तर नाही, पाणी आणि जंगल कुठं कमी व्हायला लागलंय, हे ते डीनना सांगतात. कॉलेजचा पैसा कापला जायला लागला तर लोकप्रतिनिधींकडं जाऊन कॉलेजची बाजूही मांडतात. आपल्याकडं असं कुणी करत नाही. करायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आपली कृषी विद्यापीठं त्याच धर्तीवर उभी राहिली. १९६० साली पंतनगर, १९६४ साली बेंगळूर, आणि बेंगळूरच्या उभारणीत अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचा हात होता. त्यातूनच १ ऑक्टोबर १९८६ ला आपलं धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ वेगळं झालं. शिक्षण, संशोधन, विस्तार एका छपराखाली आले, पण शेतकऱ्यानं टेबलाशी बसून विचारायची सवय काही त्यांच्याबरोबर आली नाही. जागा मात्र ठेवलेली आहे. कृषी विज्ञान केंद्राची वैज्ञानिक सल्लागार समिती ही त्यातली गावाला सगळ्यात जवळची. आपल्या बेळगाव जिल्ह्यात बैलहोंगल भागात मत्तीकोप्प आणि गोकाक भागात तुक्कानट्टी अशी दोन केंद्रं आहेत.

आता सभा कशी चालते ते समजून घ्या, कारण सगळी मेख इथंच आहे. वर्षातून एकदा तरी बैठक होते. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख अध्यक्ष असतात, केंद्राचे प्रमुख सदस्य-सचिव. विद्यापीठाचे लोक, कृषी विज्ञान केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या बेंगळूरच्या ‘अटारी’ कार्यालयातले अधिकारी, कृषी, बागायत आणि पशुसंवर्धन खात्याचे साहेब, अग्रणी बँकेचे, आकाशवाणीचे, आणि आपण. आधी मागच्या बैठकीतल्या सूचनांवर काय केलं ते वाचतात, मग वर्षाचा अहवाल, मग पुढच्या वर्षाचा आराखडा. हा आराखडा आधीच छापून तयार असतो. तुमच्या मनातला प्रश्न तुम्ही सभेत उठून बोललात, तर सगळे माना डोलावतात आणि तो ‘सूचना’ म्हणून शेवटच्या पानावर जातो. तोच प्रश्न सभेच्या दोन महिने आधी सचिवांच्या हातात लेखी दिलात, तर आराखड्यात येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. घरचे म्हणतात ती चहा-बिस्किटाची सभा, आधी तयारी न करता गेलेल्या सभासदासाठी असते.

आराखड्यात दोन शब्द वारंवार येतील. ‘क्षेत्र चाचणी’ म्हणजे एखादा उपाय आपल्या भागात चालतो का, हे शेतकऱ्यांच्याच रानात, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीशेजारी लावून बघणं. ‘आद्यरेखा प्रात्यक्षिक’ म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट लोकांना दाखवणं. ज्याचं उत्तर अजून कुणालाच पक्कं माहीत नाही, त्यासाठी चाचणी मागा. उत्तर माहीत आहे पण गावापर्यंत आलेलं नाही, तिथं प्रात्यक्षिक मागा. एवढा फरक ओळखून बोलणारा शेतकरी दिसला, की शास्त्रज्ञ वही उघडतात.

माझंच उदाहरण देते. आमच्याकडच्या हलक्या, उताराच्या लाल रानात पावसाळ्यात रताळ्याचे वेल लावतात, आणि दसऱ्यानंतर काढणी सुरू होते. बेळगावच्या मार्केट यार्डातून हा माल पार उत्तर भारतात जातो. एका वर्षी बायकांनी तक्रार केली की माल किडका निघायला लागलाय. मी त्यांच्या ढिगातली रताळी पिशवीत घालून सभेला घेऊन गेले आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून विळीनं चिरली. आत काळपट बोगदे, त्यात पांढरी अळी, आणि तो कडवट वास खोलीभर झाला. उकडलं तरी तसलं रताळं जनावर तोंडात धरत नाही. किडीचे तज्ज्ञ खुर्ची सोडून टेबलाशी आले. तो सोंड्या भुंगा होता. पाऊस ओसरला की वरंब्याला भेगा पडतात, त्या भेगांतून भुंगा कंदापर्यंत पोचतो आणि तिथं अंडी घालतो. त्यांनी विचारलं, ‘लावणीला वेल कुठला घेता?’ मी सांगितलं, जुन्या वेलाचा बुडका, तोच सहज हाताशी असतो. अंडी आणि अळ्या त्यातूनच नव्या रानात जात होत्या. पुढच्या आराखड्यात शेंड्याकडचे वेल लावणं, भेगा बुजतील अशी मातीची भर देणं आणि मादीच्या वासानं नर भुंग्यांना ओढणारे कामगंध सापळे यांचं प्रात्यक्षिक आलं. माझ्या भाषणानं काही झालं नसतं. चिरलेलं रताळं बघितलं, म्हणून झालं.

तुमच्याकडं तर याहून मोठा प्रश्न आहे, सोयाबीनवरच्या तांबेऱ्याचा. कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाची झड लागली की खालच्या पानांच्या पाठीवर तपकिरी पुटकुळ्या दिसतात, आणि बघता बघता रान पिवळं पडून पानगळ होते. जेएस ३३५ हे जुनं वाण त्याला बळी पडतं. धारवाड विद्यापीठानं तांबेऱ्याला दाद न देणारं डीएसबी २१ दिलं. तिकडं सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज केंद्रावर राहुरी विद्यापीठानं केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम, तयार केलं. निपाणीचा शेतकरी विद्यापीठाच्या हद्दीनं धारवाडचा, पण वाचतो मराठी आणि बियाणं विचारतो कागल-कोल्हापूरच्या पाहुण्यांना. मग दोन्ही वाणं एका रानात, एकाच तारखेला पेरून कुणी बघितलीत का? फुले संगम जरा उशिरा निघतो. पाठोपाठ ऊस लावायचा असेल तर ते दिवस जड जातात. तुमच्या काळ्या रानात कोणतं वाण परवडतं, हे फलकावरच्या उताऱ्यावरून कळणार नाही. ही चाचणी मागा. सीमाभागातला शेतकरी दोन राज्यांच्या शिफारशींच्या मधे उभा असतो, हे सांगायला तुमच्याइतका योग्य माणूस त्या खोलीत दुसरा नसेल.

पिकाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणी अळीचंही तसंच. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर बसतात, तेव्हाच गोळा करून मारायचे. एकट्यानं स्वतःच्या बांधावर केलं तर उपयोग नाही, आजूबाजूच्या गावांनी एकाच आठवड्यात करावं लागतं. अशी मोहीम लावून घ्यायला समिती चांगली जागा आहे.

काय नेऊ नये तेही सांगते. उसाचं थकलेलं बिल, दर, विजेचं कनेक्शन, सातबाऱ्यावरचं नाव, हे सगळे प्रश्न खरे आहेत, जीव काढणारे आहेत, पण त्या टेबलावर ते सोडवायचा अधिकार कुणाकडं नाही. तिथं ते काढलेत की पाऊण तास जातो आणि तुमची चाचणी राहून जाते.

भाषेचं मनावर घेऊ नका. बोला मराठीतच, मनातलं नीट बाहेर येतं. आपल्या भागात काम केलेल्या बहुतेक शास्त्रज्ञांना मराठी कळतं, आणि ज्यांना कळत नाही त्यांना शेजारचा सांगतो. लेखी मुद्दे मात्र कन्नडमध्ये द्या. गावातली कॉलेजला जाणारी पोरं कन्नड छान लिहितात, त्यांच्याकडून एक पान लिहून घ्या. सभेचं इतिवृत्त नंतर लिहिलं जातं. तुमचा मुद्दा तुमच्याच शब्दांत आयता मिळाला तर लिहिणाऱ्याला तो बदलावा लागत नाही. इतिवृत्ताची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षी पहिला प्रश्न त्यातूनच विचारायचा आहे.

एक गोष्ट जरा कडक सांगते, राग मानू नका. प्रात्यक्षिकात बियाणं आणि औषधं फुकट मिळतात. सभासद झालात की भावकी दारात येते, आणि आपल्यालाही वाटतं की निदान एक प्लॉट आपल्या रानात घ्यावा. घेऊ नका. अडीच एकरवाल्याला, कोरडवाहूवाल्याला, नवरा गेल्यावर एकटी शेती बघणाऱ्या बाईला मिळू द्या. समित्या बदनाम होतात त्या इथंच. आणि सभा झाली की त्याच आठवड्यात गावच्या पारावर बसून काय मागितलं, काय मिळालं, काय नाकारलं ते सांगा. नाकारलेलंही सांगा. लोक पुढच्या वेळी तुमच्याकडं प्रश्न घेऊन येतील ते त्यामुळंच.

प्रश्न : ताई, आमचं गाव खानापूर तालुक्यात जंगलाला लागून. मी बचत गटाची अध्यक्ष. शेती विस्ताराच्या ‘आत्मा’ योजनेच्या तालुका शेतकरी सल्लागार समितीवर माझं नाव घालतो म्हणून कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातले साहेब सांगून गेले. मालक म्हणतात, नाव तुझं राहू दे, सभेला मी जातो. मी चौथी शिकलेय. काय करू?
– एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : बाई, नाव तुमचं आहे तर सभेलाही तुम्हीच जा. ‘आत्मा’मधला किमान ३० टक्के पैसा महिला शेतकऱ्यांवर आणि विस्तारकामातल्या महिलांवर खर्च व्हावा असा नियम आहे. तो कशावर खर्च व्हावा हे तुमच्याऐवजी मालकांनी सांगितलं तर नियमाचा उपयोग काय? त्यांना वाईट वाटू न देता सांगा, की गाडीवरून सोडायला या आणि न्यायला या.

चौथी शिकलात याची काळजी करू नका. गवे आणि रानडुकरं कोणत्या महिन्यात उतरतात, भात पोटरीत असताना येतात की लोंब्या पिकल्यावर, कोणत्या बाजूनं येतात, नाचणी सोडून लोकांनी काजू का लावला, हे तुम्हाला माहीत आहे. कॉलेजातल्या पुस्तकात ते मिळत नाही. धारवाड विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय शिरसीला आहे. जंगलाकडेच्या शेतीचा प्रश्न तिथल्या लोकांनी येऊन बघावा, अशी मागणी समितीत मांडा. नुकसानभरपाई वन खात्याकडून मिळते, तो अर्ज वेगळा आणि लगेच करायचा. समितीत मागायचं ते पुढच्या हंगामासाठी : लवकर निघणारं भाताचं वाण, सामाईक कुंपण, रात्रीची राखण कमी कशी होईल.

आजपासून घरच्या कॅलेंडरवर खूण करत चला. जनावरं आली त्या तारखेवर एक फुली, आणि शेजारी कुणाचं रान ते मुलीकडून लिहून घ्या. सभेला जाताना तेच कॅलेंडर भिंतीवरून काढून बरोबर न्या.