वाचक विचारतात : मुलाबाळांचे प्रश्न आणि आपले आमदार

प्रश्न : आमचे आमदार प्रत्येक सभेत कुपोषण, अंगणवाडी, लेकीबाळी यांवर बोलतात. विधानसभेत त्यांनी या विषयांवर खरंच काही केलं का, हे मतदाराने कसं तपासायचं? (एक वाचक, परभणी)

उत्तर : मतदानाच्या नोंदी शोधत बसू नका, हाती फारसं लागणार नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. कोण कुठल्या बाजूला होतं याची नावानिशी नोंद मतविभागणी झाली तरच होते. त्यातही पक्षादेश (व्हिप) निघालेला असला, तर तो मोडणाऱ्याची आमदारकी राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, जाऊ शकते. त्यामुळे मत असतं पक्षाचं. आमदाराचं स्वतःचं काही दिसतं ते प्रश्नांत.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशनवार प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. त्यात महिला व बाल विकास, शालेय शिक्षण, सार्वजनिक आरोग्य आणि आदिवासी विकास या चार विभागांचे तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) काढा. नियम १०५ खालच्या लक्षवेधी सूचना आणि नियम २९३ खालच्या चर्चाही बघा. एक सावधगिरी मात्र बाळगा : एकाच तारांकित प्रश्नाखाली दहा-बारा सदस्यांची नावं सर्रास असतात. नाव आहे म्हणजे काम केलं, असं नाही. प्रश्न सभागृहात पुकारला गेला का आणि तुमच्या आमदारांनी उठून उपप्रश्न विचारला का, हे कार्यवाहीतून कळतं. छापील उत्तरात ‘हे अंशतः खरे आहे’ असं आलं, तर खरा उपप्रश्न तिथेच सुरू व्हायला हवा. कोणता अंश खरा आणि कोणता खोटा? बहुतेकदा तो विचारलाच जात नाही.

आमदार सत्ताधारी असतील, तर अर्थसंकल्प बघा. लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पातला खर्चाच्या बाबीचा क्रमांक. २२३६ हे पोषण आहाराचं आणि २२३५ हे सामाजिक सुरक्षा व कल्याणाचं. त्यात मागच्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज हे दोन रकाने शेजारी ठेवा. मार्चमध्ये घोषणा मोठी आणि सुधारित अंदाजात आकडा खाली आला, तर भूमिका काय होती ते समजलं. विरोधी आमदाराच्या बाबतीत त्याच खर्चाच्या मागणीवर कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) दिली होती का, ते बघायचं.

तिसरी जागा स्थानिक विकास निधीची. आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात आणि त्यातून अंगणवाडीची खोलीही बांधता येते, सभामंडपही. कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘गेल्या पाच वर्षांत बालकल्याणासाठी काय केलं’ असं विचारलंत, तर अर्ज इकडून तिकडे फिरत राहील. ‘अमुक वर्षातील मंजूर कामांची यादी, कामाचं नाव, रक्कम व सद्यःस्थिती’ असं विचारा.

प्रश्न : मला ग्रामपंचायत लढवायची आहे. एक मुलगा आहे, आता पत्नीला जुळी होणार आहेत. मी अपात्र ठरेन का? आणि दोन अपत्यांची अट आमदारांना का नाही? (एक वाचक, जिल्हा सांगली)

उत्तर : अपात्र ठरणार नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झालेल्याला अपात्र ठरवलं आहे. मात्र एक अपत्य असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली, तरी ती एकच धरली जातात. आधी दोन असून तिसऱ्या खेपेला जुळी झाली, तर ही सवलत लागू होत नाही. तुम्ही दत्तक घेतलेलं मूल मोजलं जात नाही. उलट, स्वतःचं तिसरं मूल नात्यात दत्तक देऊन सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ओडिशाच्या प्रकरणात तसं स्पष्ट केलं आहे. गावोगाव हा सल्ला अजून दिला जातो, त्याला बळी पडू नका. दोन्ही मुलं एकाच बाळंतपणातली असल्याचे रुग्णालयाचे कागद आणि जन्मदाखले अर्ज भरण्याआधीच हाताशी ठेवा. निवडून आल्यावर हरकत आली, तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातं.

आमदारांना अट नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ प्रमाणे आमदारांच्या अपात्रतेत भर घालायची, तर तो कायदा संसदेने करावा लागतो. विधिमंडळाला सरपंचासाठी नियम करता येतो, स्वतःसाठी नाही. ही सोय कुणाला खटकलेली दिसत नाही. ठराव करून संसदेकडे शिफारस पाठवायला कुणी अडवलेलं नाही.

इतर राज्यांत वारं बदललं आहे. हरियाणाचा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवला, तरी नंतर त्या राज्याने तो रद्द केला. आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांतली ही अट काढली. मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू तर लोकसंख्या म्हातारी होतेय म्हणून जास्त मुलांचा आग्रह धरतात. महाराष्ट्रात निवडणुकीबरोबरच सरकारी नोकरीतही २००५ च्या नियमांनी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. उमेदवार दारात आला की विचारायचा प्रश्न हाच : अट ठेवणार की काढणार? ‘लोकसंख्या हा गंभीर विषय आहे’ हे उत्तर धरू नका.

प्रश्न : पतीच्या निधनानंतर शिबिरात आमदारांनी सांगितलं, मुलाला महिना ४,००० मिळतील. कार्यालयात २,२५० सांगतात. खोटं कोण बोलतंय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कुणीच नाही, योजना दोन आहेत. राज्याच्या बाल संगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये. २०२३ पूर्वी ते १,१०० होते. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वात (मुलाच्या संगोपनासाठी दरमहा मदत) ४,००० मिळतात, पण तिथे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत लागतं. एका मुलासाठी दोन्ही लाभ धरून चालू नका.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलाचा बोनाफाइड आणि आधार, बँक पासबुक सोबत हवं. मग गृहचौकशी होते आणि आदेश बाल कल्याण समिती काढते. अर्ज अडतात ते बहुधा गृहचौकशीपाशी किंवा मुलाचं नाव आधारवर एक आणि शाळेत दुसरं असल्याने. आमदारांकडून शिफारसपत्र घेण्यापेक्षा ‘समितीपुढे किती अर्ज प्रलंबित आहेत’ हा प्रश्न त्यांना सभागृहात विचारायला लावा. समिती अर्धन्यायिक आहे, म्हणजे न्यायालयासारखा निर्णय देते. तिथे शिफारस चालायला नकोच.

प्रश्न : शाळेत आठवड्याला मिळणारं अंडं बंद झालं. आमदार म्हणतात केंद्राने थांबवलं. (एक वाचक, गडचिरोली)

उत्तर : तसं नाही. अंडं राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःच्या पैशातून सुरू केलं होतं. न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानेच निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून द्यावं असं सांगितलं. धार्मिक कारणाने अंड्याला विरोध होता हे खरं, पण निर्णय मंत्रालयातलाच.

पीएम पोषण या शालेय भोजन योजनेच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. पातळ वरणाच्या डावातून ती भरून निघणं अवघड. आमदारांना पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर मागितल्या जाणाऱ्या जादा खर्चात) ही तरतूद मागायला सांगा. अंगणवाडीच्या आहाराचा दरही विचारा : सर्वसाधारण मुलामागे दिवसाला ८ रुपये हा २०१७ मध्ये ठरलेला दर आहे. खर्च केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा, पण राज्याने पदरचे पैसे घालायला मनाई नाही.

प्रश्न : लाडक्या बहिणींचे २,१०० कधी? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ते महायुतीच्या २०२४ च्या जाहीरनाम्यातलं आश्वासन, महाविकास आघाडीने ३,००० म्हटलं होतं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद झाली, रक्कम १,५०० च राहिली. वाढीची तारीख भाषणात शोधू नका. दरमहा लाभ वाढवल्याचा शासन निर्णय निघतो तेव्हाच ती लागू होते, आणि शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार बघता येतात.